तिच्या वाटचं तेल

उम्म वनीस चर्चमध्ये ओरडते, हे नाईलकाठच्या अख्ख्या अखमीमला ठाऊक होतं. सगळ्यांनी मिळून किर्यालैसोन म्हणायचं, म्हणजे प्रभू, दया कर, तेव्हा बाकीच्या बाया ओठांतल्या ओठांत पुटपुटायच्या आणि हिचा आवाज मात्र थेट घुमटाला जाऊन धडकायचा. म्हातारे अबूना बूलस आमचे धर्मगुरू होते तेव्हाची गोष्ट. एका रविवारी त्यांना राहवलं नाही. प्रार्थना संपल्यावर म्हणाले, "अगं शफीका, प्रभू काही बहिरा नाहीये." तर ही ओढणी सावरत म्हणाली, "बहिरा नाही हो अबूना, पण त्याच्या दाराशी गर्दी किती! मागचीचा आवाज पोचायला नको?"  अबूनांनी हातातला क्रूस तिच्या डोक्याला टेकवला आणि विषय संपवला.

शफीका हे तिचं माहेरचं नाव. मुलगा झाला की आमच्याकडे बाईला त्याच्या नावानेच हाक मारतात, तशी ती उम्म वनीस झाली, वनीसची आई. पुढे जुन्या माणसांशिवाय तिला शफीका म्हणणारं कुणी उरलं नाही.

वनीस चार वर्षांचा होता त्या उन्हाळ्यात त्याचे डोळे आले. त्या काळी गल्लीतल्या निम्म्या पोरांचे दर उन्हाळ्यात यायचे. माश्या घोंगावायच्या, आया ओल्या फडक्याने पुसून काढायच्या आणि पंधरवड्यात पोरं पुन्हा उकिरड्यावर हुंदडायला लागायची. वनीसचे गेले ते गेलेच. त्याचा बाप बिशाय हातमागावर कापड विणायचा. 'देवाची मर्जी' एवढंच म्हणून तो मागावर जाऊन बसला, पण त्या आठवड्यात त्याने विणलेलं कापड इतकं वाकडंतिकडं आलं की व्यापाऱ्याने उचललं नाही. शफीका मर्जीबिर्जी मानायला तयार नव्हती. कुठल्या संताची जत्रा कुठे भरते, कुठल्या मठातल्या पाण्याला गुण आहे, सगळं तिने पालथं घातलं.

शेवटी ती पोराला घेऊन मुअल्लिम गुबरियालकडे गेली. मुअल्लिम म्हणजे चर्चमधलं गाणं चालवणारा आणि शिकवणारा. आमच्या देवाची गाणी कागदावरून नाही, गळ्यातून गळ्यात जातात, आणि पूर्वी हे काम बहुतेक आंधळ्या माणसांकडेच असायचं. दिसत नाही त्याने पाठ करावं, पाठ केलं तर चार घास मिळावेत, अशी ती रीत. गुबरियाल स्वतः जन्मांध. त्याने वनीसच्या तोंडावरून हात फिरवला, एक ओळ गायली आणि म्हणाला, "म्हण." वनीसने म्हटली. म्हातारा खूश झाला. "ठेव माझ्याकडे. बाईमाणूस तू, रडत काय बसतेस? यरीहोच्या आंधळ्याची गोष्ट ऐकलीस ना?"

ऐकली होती, दरवर्षी ऐकायची. पण त्या दिवशी गुबरियालने सांगितली तशी कुणी सांगितली नव्हती. रस्त्याच्या कडेला बसून भीक मागणारा आंधळा. प्रभू येशू तिथून चाललाय असं कानावर आलं, आणि हा बेंबीच्या देठापासून ओरडायला लागला, माझ्यावर दया कर म्हणून. लोक म्हणाले, गप रे. तर हा दुप्पट ओरडला. आणि प्रभू थांबला. एवढ्या गर्दीत, एका भिकाऱ्यासाठी थांबला. त्याला जवळ बोलावलं, तुला काय हवंय म्हणून विचारलं आणि त्याचे डोळे उघडले.

गोष्ट सांगून गुबरियालला काय सुचवायचं होतं देव जाणे. शफीकाने त्यातून एकच गोष्ट घेतली: गप म्हणाले की दुप्पट ओरडायचं.

आमच्याकडे ईस्टरआधीच्या मोठ्या उपासाच्या शेवटच्या शुक्रवारी तेलाची प्रार्थना असते. ताटात तेल, तेलात सात वाती. एक प्रार्थना झाली की एक वात पेटवायची. सातही झाल्या की अबूना ते तेल प्रत्येकाच्या कपाळाला आणि मनगटांना लावतात. त्याने आजारी बरा होतो म्हणतात. धडधाकट माणसंही लावून घेतात, कारण आपल्याला काय झालंय हे सगळ्यांनाच कुठे कळलेलं असतं? त्या वर्षी शफीकाची पाळी आली, अबूना बूलस तेलात बोट बुडवून पुढे झाले, आणि हिने कपाळ मागे घेतलं.

"मला नको. माझ्या वाटचं याच्या डोळ्यांना लावा."

"अगं, तेल काय संपतंय का?"

"मागणं एकच ठेवायचंय मला. दोन-दोन गोष्टी मागत बसले तर तो म्हणेल, या बाईचं नक्की काय आहे?"

अबूनांनी हसून वनीसच्या पापण्यांना दोनदा तेल लावलं. शफीकाने मनातल्या मनात जे कबूल केलं ते मात्र तिने त्यांनाही सांगितलं नाही, बिशायलाही नाही: माझ्या पोराचे डोळे उघडेपर्यंत मी स्वतःसाठी तुझ्याकडे काही मागणार नाही. आणि बाई शब्दाची पक्की. दाढ सुजून तोंड वाकडं झालं तरी 'देवा रे' म्हणून कण्हली नाही. कण्हणं म्हणजे मागणंच की, असा तिचा हिशेब.

वनीस मोठा झाला तो गुबरियालच्या हाताला धरून. पण घरापासून चर्चपर्यंत हात आईचाच. काय दिवस होते ते! पहाटे दोघं निघायची. आमची गल्ली तेव्हा विणकरांची. दोन्ही बाजूंनी माग खटखटायचे आणि रंगवलेलं सूत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्यांवर वाळत पडलेलं असायचं. खालून जाताना डोक्यावर रंगाचे थेंब पडायचे. शफीका एकेक सांगत चालायची. "आज डाळिंबी आहे बघ. पलीकडे निळं, पण फिकं, त्या रंगारी अज़ीज़ने नीळ पुन्हा चोरली वाटतं. शेजारच्या हज्जा नईमाच्या अंगणातला खजूर लगडलाय. तिची बकरी दारात बसलीये, तोंड अगदी आपल्या मामंजींसारखं." वनीस हसून हसून लोळायचा. बायकांनी फुगायला ठेवलेल्या भाकऱ्यांचा वास यायचा. शफीका सांगायची, कुणाच्या भाकऱ्या फुगल्यात, कुणाच्या बसल्यात, आणि ज्याच्या बसल्यात त्याच्या घरात आज काय काय होणार.

आंधळ्या पोराला एवढं कशाला सांगायचं, असं कुणी म्हटलं की ती फणकारायची, "उद्या डोळे उघडले म्हणजे त्याला सगळं ओळखू यायला नको?"

वर्षं गेली. कैरोच्या डॉक्टरांनी वनीस विशीत असतानाच सांगितलं होतं की या डोळ्यांत करण्यासारखं काही उरलेलं नाही. "म्हणूनच तर तुमच्याकडे न मागता त्याच्याकडे मागतेय," शफीका त्यांना म्हणाली होती. गुबरियाल गेला, वनीस त्याच्या जागी मुअल्लिम झाला. लग्नासाठी तिने दोन-तीन ठिकाणी विचारलं, जमलं नाही. बिशाय गेला. अबूना बूलस गेले, अबूना अर्सानी आले, कोवळे, चष्मा लावणारे. आणि दरवर्षी त्या शुक्रवारी उम्म वनीस कपाळ मागे घ्यायची, आणि वनीसच्या पापण्यांना दोनदा तेल लागायचं. कुणाला त्यात काही वाटेनासं झालं होतं.

वनीस सत्तेचाळीसचा झाला. आई अजून त्याला चर्चला नेत होती आणि अजून सांगत होती. डाळिंबी सूत, हज्जा नईमाचा खजूर, दारातली बकरी. आता, वनीसला दिसत नसलं तरी कान होते. गल्लीतले माग एकेक करून बंद पडले होते. गिरणीचं कापड आलं आणि खटखट थांबली ती थांबलीच. मग सूत कुठून वाळणार? खजूर तर आदल्या वर्षीच तोडला. करवतीचा आवाज त्याने स्वतः ऐकला होता आणि हज्जा नईमाचं रडणंही. तरी आई म्हणायची, "लगडलाय बघ." त्याला वाटायचं, आईला जुने दिवस आठवतायत. बाबांची आठवण येते, म्हणून आपल्याशी हा खेळ खेळते. आणि खरं सांगायचं तर त्यालाही तो खेळ आवडायचा. रोज पहाटे तेवढा पाऊण फर्लांग रस्ता त्याचा बाप जिवंत असायचा. तो मुद्दाम विचारायचा, "यम्मा, आज कुठला रंग?"

त्या वर्षी जन्मांधाच्या रविवारी खेळ उघडा पडला. उपासातल्या त्या रविवारी जन्मांधाला दृष्टी मिळाल्याची गोष्ट वाचतात आणि लेकरांचे बाप्तिस्मे असतात, म्हणून दोघं जरा लवकर निघाली. नगरपालिकेने गटाराच्या पाइपांसाठी गल्ली आदल्या दिवशी खणून ठेवली होती. "रस्ता मोकळा आहे, चल," उम्म वनीस म्हणाली, आणि दोन पावलांवर मायलेक दोघंही खड्ड्यात.

खड्डा कमरेइतकाच होता. वनीसचा गुडघा फुटला, आईचं मनगट मुरगळलं. अंगभर माती.

"यम्मा, खड्डा दिसला नाही?"

"दिसला की. म्हटलं तू उडी मारशील."

हज्जा नईमा आवाज ऐकून शिडी घेऊन धावत आली. "अगं बायांनो, बाप्यांनो, सकाळी सकाळी दोघं मिळून कैरोपर्यंत बोगदा खणताय की काय?" तिघंही हसली. पण शिडीशी आई हवेतच हात फिरवत राहिली. शिडी तिच्या समोर होती आणि तिला सापडत नव्हती. कपड्यांची ती सळसळ वनीसने ऐकली आणि हज्जा नईमाचं एकदम गप्प होणं ऐकलं. हा खेळ नव्हता. आईला दिसत नव्हतं. ती त्याला जे गाव दाखवत होती ते तिलाच दिसत नव्हतं, जुनं पाठ म्हणून दाखवत होती.

दुपारी अबूना अर्सानी विचारपूस करायला आले. त्यांनी तिच्या डोळ्यांत बॅटरी धरली. "उम्म वनीस, मोतीबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत. पिकून पार दगड झालाय. किती दिवस अंगावर काढलंत?"

"मला काही धाड भरलेली नाही. उजेड दिसतो, सावली दिसते."

"ईस्टरच्या सणानंतर कैरोचे डॉक्टर नदीपलीकडे सोहागला येतायत. अर्ध्या तासाचं काम. बाहुलीवरचा पडदा काढतात आणि दुसऱ्या दिवशी माणूस सुईत दोरा ओवतं. शुक्रवारपर्यंत नाव कळवायचंय. तुमचं देतो."

"नको."

"घाबरता?"

"घाबरतेय कोण? मी कबूल केलंय." आणि मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिने तो शब्द बोलून दाखवला. डॉक्टरकडे जायचं म्हणजे मनात देवाला हाक मारायचीच, कोणती बाई त्या टेबलावर हाक मारल्याशिवाय पडेल? आणि स्वतःसाठी हाक मारायची नाही असं तिचं ठरलेलं.

 अबूनांनी चष्मा काढून पुसला. "बरं, असं बघा. शब्द सोडवता येतो. मी प्रार्थना करून तुम्हाला मोकळं करतो."

"तुम्ही कसं कराल? मी तुमच्याशी बोलले होते का? त्याच्याशी बोलले होते. तुमचा तर तेव्हा जन्मही नव्हता."

अबूना गेले. वनीस कोपऱ्यात बसून होता. हे त्याला माहीतच नव्हतं. त्याला वाटायचं, ते दुसऱ्यांदा लागणारं तेल म्हणजे आईचा लाड.

"यम्मा," तो म्हणाला, "यरीहोच्या आंधळ्याला प्रभूने काय विचारलं?"

"तुला काय हवंय. माहितीये मला, मला शिकवू नकोस."

"कुणाला विचारलं? त्याच्या आईला?"

"त्याची आई तिथे असती तर तिलाच विचारलं असतं!"

"तू मला कधी विचारलंस?"

"आंधळ्याला काय विचारायचं त्यात? डोळे! दुसरं काय हवं असणार?"

"मला नकोयत," वनीस म्हणाला.

तो हे जरा जास्तच जोरात बोलून गेला. उम्म वनीस उठली. भिंत चाचपत आत गेली आणि तिथूनच म्हणाली, "मग मी आयुष्यभर घसा कशाला फोडला रे? सांग ना! लोक हसले, अबूना बूलस हसले, तुझा बाप म्हणायचा बस कर शफीका. कशाला?"  चार दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. भाकर, काकवी, तिळाचं वाटण त्याच्या पुढ्यात आदळायची आणि निघून जायची. पहाटे भिंतीला हात लावत एकटीच चर्चला जायची. वनीस दहा पावलं मागून, तिच्या चपलांच्या आवाजावर. त्या चपलांचा आवाज कुठे अडखळला की त्याचाही पाय थांबायचा.

गुरुवारी संध्याकाळी ती मसूर निवडायला बसली. तिला खडे दिसेनात. वनीसने न बोलता ताट तिच्या मांडीवरून उचलून आपल्या मांडीवर घेतलं. त्याच्या बोटांना खडा चटकन लागायचा. एकेक काढून तो जमिनीवर टाकत होता, टिक, टिक. 

"खरंच नको होते?" तिने विचारलं.

"लहानपणी हवे होते. फार हवे होते, यम्मा. तेल लागलं की मी रात्रभर डोळे मिटायचोच नाही, न जाणो मधेच उघडतील आणि मी झोपलेला असेन." त्याने एक खडा टाकला. "मग मुअल्लिम गेले. त्या वर्षी प्रभूच्या मरणाच्या शुक्रवारची सगळी गाणी मी एकट्याने गायली, सकाळपासून सूर्य बुडेपर्यंत. घरी आलो, आणि लक्षात आलं की आज आपण मागायचंच विसरलो. दुसऱ्या दिवशीही विसरलो. मग राहूनच गेलं."

"मला सांगायचंस."

"तू ओरडत होतीस. मधे बोलायला जागा कुठे होती?"

ती एकदम हसली आणि हसता हसता तिचं नाक वाहायला लागलं. ओढणीने पुसून म्हणाली, "बरं, आता विचारते. काय हवंय तुला?"

वनीसची बोटं ताटात थांबली. "मला भीती वाटते," तो म्हणाला. "तू पडशील. मी ऐकेन, आणि तू नेमकी कुठे पडलीस ते मला सापडणार नाही. त्या खड्ड्यात मला तेवढीच भीती वाटली, गुडघ्याचं काही नाही. आणि तू मला सांगतेस ना सगळं, ते खरं सांग. सूत नाही तर नाही म्हण. खजूर तोडला म्हण. जे असेल ते. तुझ्याशिवाय मला कुणी सांगत नाही, सगळ्यांना वाटतं, याला काय करायचंय? बाबांच्या वेळचं मला पाठ आहे, यम्मा. आता काय आहे ते मला माहीत नाही."

 बाहेर हज्जा नईमाच्या घरी कुणीतरी रेडिओ लावला होता. "तुला कळत नाहीये," उम्म वनीस म्हणाली, आणि तिचा तो घुमटाला धडकणारा आवाज पार खाली गेला होता. "मी माझ्यासाठी मागितलं, म्हणजे मी तुझं सोडलं. इतकी वर्षं मी ते धरून ठेवलंय. हातातून सुटलं तर मग तू कायमचा आंधळा, वनीस. माझ्यामुळे."

"मी आहेच, यम्मा."

"माहितीये रे."

त्याने मसूर तिच्या हातात दिला. तिने तो शिजत घातला. तेवढंच झालं.

शुक्रवारी चर्च खचाखच. बाया डावीकडे, पुरुष उजवीकडे, सगळ्यांची पोटं रिकामी, पोरं किरकिरतायत. वनीस वेदीच्या दाराजवळ आपल्या जागेवर. एकेक वात पेटत गेली. हज्जा नईमाने उम्म वनीसला दारापर्यंत आणून सोडलं होतं, तिथून बायकांनी हाताला धरून पुढे घेतलं. किर्यालैसोनच्या वेळी तिचा आवाज आला नाही. पुष्कळांनी माना वळवून बघितलं, ती आली तर आहे ना म्हणून.  वनीसने पुढची ओळ उचलली, पण सूर अर्ध्या पट्टीने वर गेला.

मग रांग लागली. अबूना अर्सानी ताट घेऊन खाली उतरले. कपाळ, एक मनगट, दुसरं मनगट, कपाळ, मनगटं. उम्म वनीसपाशी आले तेव्हा त्यांनी सवयीने बोट बुडवलं आणि वनीसकडे वळले. दरवर्षीची रीत त्यांनाही पाठ झाली होती.

"अबूना," ती म्हणाली.

"हो हो, त्याला लावतोय, दोनदा."

ती काहीतरी बोलली. ओठ हलले एवढंच. ज्या बाईने आयुष्यभर अख्ख्या गावाच्या कानठळ्या बसवल्या तिच्या तोंडून आवाज निघेना.

"काय म्हणालात? मोठ्याने सांगा, पोरं ओरडतायत."

"माझे," ती म्हणाली.

"तुमचे काय?"

तिने दोन्ही मुठी छातीशी आवळल्या. मागच्या बाया ढकलत होत्या, पुढे सरक गं, उपाशी पोटी उभं करतेस म्हणून. वनीस चार हातांवर उभा राहून ऐकत होता. तो तिच्या मदतीला गेला असता, पण हे तिच्यासाठी दुसऱ्या कुणी मागून चालणार नव्हतं, हे त्याला कळत होतं. मग तिचा आवाज आला, फाटका, चिरकलेला.

"माझे डोळे! माझ्यावर दया कर! माझ्यावर! मला दिसत नाही!"

 बोटावरचं तेल अबूनांनी तिच्या कपाळाला लावलं, आणि ते कपाळ तरुणपणापासून कोरडं होतं हे आठवून की काय, त्यांनी पुन्हा बोट बुडवून दोन्ही पापण्यांना लावलं. तेल जास्त झालं. ते गालावरून ओघळलं आणि तिने ते पुसलं नाही. चार वर्षांचं एक पोर, ज्याला कडेवर घेऊन ती इतक्या जत्रा हिंडली, ज्याला तिने एक क्षणही खाली ठेवलं नव्हतं, ते त्या दिवशी तिने चर्चच्या फरशीवर उतरवलं. 

सत्तेचाळीस वर्षांचा वनीस रांग तोडून पुढे आला. त्याने तिचा हात शोधला आणि धरला.

"यम्मा, रडतेस?"

"हो, रडू दे मला," ती म्हणाली. "आज माझ्यासाठी रडतेय." मग ओल्या चेहऱ्याने तिने अबूनांच्या दिशेने मान वळवली. "नाव लिहा हो अबूना. उम्म वनीस नका लिहू. शफीका लिहा."